शाळांचा कारभारी कोणाच्या संमतीने? भिलाईच्या निमित्ताने काही प्रश्न

दुर्ग जिल्ह्याचा शिक्षणाधिकारी कसा नेमला जातो, असे भिलाईतील एखाद्या कामगाराला विचारले तर तो एका वाक्यात उत्तर देईल: रायपूरहून हुकूम निघतो, जुना साहेब जातो, नवा साहेब येतो. पोलाद कारखान्याच्या शिक्षण विभागाचा प्रमुख कारखान्याचे व्यवस्थापन नेमते. स्वामी आत्मानंद यांच्या नावाने २०२० पासून सुरू झालेल्या शासकीय इंग्रजी माध्यमाच्या शाळा कलेक्टरच्या अध्यक्षतेखालील सोसायटी चालवते. चर्चने काढलेल्या शाळांचा प्राचार्य चर्चचे व्यवस्थापन ठरवते. एकाच शहरात चार तऱ्हांच्या शाळा आहेत; परंतु एका बाबतीत चौघांचेही एकमत आहे. मुलाच्या आईबापाला कोणीही विचारत नाही.

हा केवळ प्रशासकीय तपशिलाचा प्रश्न आहे, त्यात कामगार चळवळीने कशाला लक्ष घालावे, असे आपल्यातीलही काही जणांना वाटते. हा समज घातक आहे. कोणत्या शाळेत किती शिक्षक धाडायचे, कोणते वर्ग एकत्र करायचे, कोणत्या वस्तीतील शाळेची गळकी कौले आधी दुरुस्त करायची आणि कोणती तशीच ठेवायची, हे प्रश्न विधानसभेत सुटत नाहीत. ते जिल्ह्याच्या कचेरीत सुटतात. २०२५ साली छत्तीसगड सरकारने 'युक्तियुक्तकरण' या भारदस्त नावाखाली राज्यातील १०,४६३ शाळांचे एकत्रीकरण केले. यांपैकी बहुसंख्य शाळा एकाच आवारातल्या होत्या, असे शासन सांगते. ते मान्य केले तरी दोन शाळांची एक शाळा झाली म्हणजे दोन मुख्याध्यापकांचे एक पद राहते आणि शिक्षकांची मोजणी नव्या हिशेबाने होते, हे सत्य उरतेच. या निर्णयाला हरकत घेऊन तो थांबविण्याचा अधिकार कायद्याने एकाही पालक समितीला दिलेला नाही. ज्याच्या हाती हे सारे आहे त्या अधिकाऱ्याच्या निवडीत जनतेचा वाटा काय असावा, हा म्हणूनच सत्तेचा प्रश्न आहे.

पोलादनगरीचा वारसा

भिलाईत हा प्रश्न अधिक तीव्रतेने का जाणवतो, हे समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. १९५६ सालापर्यंत दुर्ग जिल्ह्याचा कारभार नागपूरहून चालत असे. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या त्या राजवटीत हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांना स्थान होते. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पहिली झोतभट्टी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली. भातशेतीच्या त्या मुलखात केरळ, आंध्र, पंजाब, बंगाल, ओरिसा आणि विदर्भ येथून माणसे आली. सेक्टरांतील शाळांत त्यांची मुले एकाच बाकावर बसली. बापाची जात, भाषा आणि देवघर निराळे. पण पाळीचा भोंगा एक आणि शाळेची घंटा एक. सार्वजनिक उद्योगाने देशाला केवळ रूळ दिले नाहीत, हेही दिले. आज सार्वजनिक क्षेत्राची टिंगल करणाऱ्यांनी हे विसरू नये.

परंतु या वारशात आरंभापासून एक उणीव होती. कामगाराला शाळा मिळाली, शाळेवरचा अधिकार मिळाला नाही. जी वस्तू वरून देणगी म्हणून येते ती वरूनच काढूनही घेता येते. १९८०च्या दशकाच्या मध्यास साठ हजारांहून अधिक असलेले कायम कामगार पुढे घटत घटत निम्म्याहूनही कमी झाले, आणि त्यांच्याबरोबर कारखान्याच्या शाळाही आटत गेल्या. शाळा म्हणजे खर्चाची बाब, आणि खर्च म्हणजे छाटण्याची वस्तू, असा हा सरळ हिशेब. त्याला हरकत घेण्याची जागाच कामगारांच्या हाती नव्हती, कारण शिक्षण विभागाचा प्रमुख त्यांना नव्हे, व्यवस्थापनाला उत्तरदायी होता.

कंत्राटी कामगाराला तर ती देणगीही पुरती पोचली नाही. कारखान्याच्या शाळेत पहिला हक्क कायम कर्मचाऱ्याच्या मुलाचा. खुर्सीपार, जामुल, कॅम्प या वस्त्यांतील मुलांची गाठ पडली ती अपुऱ्या शिक्षकांच्या सरकारी शाळेशी किंवा गल्लीतील फीवाल्या खाजगी शाळेशी. १९७७ साली दल्ली राजहराच्या लोहखनिजाच्या खाणींत कंत्राटी मजुरांची संघटना उभी राहिली तेव्हा तिने मजुरीच्या लढ्याबरोबर मुलांच्या शाळाही हाती घेतल्या, हा योगायोग नव्हता. त्या संघटनेचे नेते शंकर गुहा नियोगी यांचा २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत खून झाला. १ जुलै १९९२ रोजी भिलाई पॉवरहाऊस स्थानकावर रूळांवर बसलेल्या कामगारांवर गोळीबार होऊन सोळा जण ठार झाले. कार्यपद्धतीबद्दलचे मतभेद बाजूला ठेवूनही त्या चळवळीतून एक धडा घेतलाच पाहिजे: ज्याला कारखान्याच्या दाराबाहेर ठेवले जाते, त्याच्या मुलाला शाळेच्या दाराबाहेर ठेवले जाते.

'भागधारक' या शब्दाची करामत

आता सरकारी कागदपत्रांत लोकसहभागाची भाषा फार मुबलक झाली आहे. या लेखकाचे रोजचे काम अनुवादाचे असल्यामुळे त्या कागदांतील एका शब्दाकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. शाळेशी संबंध असलेल्या सर्वांना हल्ली मराठीत 'भागधारक' म्हणण्याची रीत पडली आहे. कंपनीचे शेअर बाळगणारा तो भागधारक आणि सरकारी शाळेत मूल धाडणारी मोलकरीणही भागधारकच! शब्द एक झाला की माणसेही समान झाली, असा आभास निर्माण होतो. देणगीदार उद्योगपती, शिकवणी वर्गाचा मालक, मठाधिपती, कलेक्टर आणि ती मोलकरीण, हे सारे एकाच टेबलाभोवती बसलेले 'भागधारक'. या टेबलावर कोणाचा आवाज ऐकू येईल, हे सांगायला भविष्यवेत्ता लागत नाही.

कायद्याने प्रत्यक्षात काय दिले आहे? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या २१ व्या कलमानुसार शासकीय आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. ही तरतूद चांगलीच आहे, आणि तिचे महत्त्व आपण कमी लेखू नये. परंतु समितीने करायचे काय? देखरेख ठेवायची, विकास आराखडा तयार करायचा, अनुदानाच्या खर्चावर नजर ठेवायची. अनुदानित शाळेत तर तिचे काम केवळ सल्ल्याचे. मुख्याध्यापक निवडण्यात तिला मत नाही. जिल्ह्याचा शिक्षणाधिकारी निवडण्याची तर गोष्टच दूर. पहारेकऱ्याला कंदील दिला, किल्ली दिली नाही.

वरच्या पातळीवर कथा याहून निराळी नाही. १९६६ साली कोठारी आयोगाने समान शाळापद्धती आणि शेजारशाळा यांच्याबरोबर जिल्हा शिक्षण मंडळांची शिफारस केली. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने जिल्हा शिक्षण मंडळांचा पुनरुच्चार केला. दोन्ही वेळा बहुतेक राज्यांत ही मंडळे कागदावरच राहिली. महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या शिक्षण समितीचा सभापती लोकनियुक्त असतो, पण शिक्षणाधिकारी शासनाकडूनच येतो. आणि नगरपालिकांची शिक्षण मंडळे २०१३ साली मोडीत काढण्यात आली. ती भ्रष्टाचाराने पोखरली होती, हे कारण सांगण्यात आले. रोग होता हे खरे. पण रोग्याला मारून टाकणे हा कोणत्या वैद्यकशास्त्रातील उपचार?

घटनेतील एक विसंगतीही पाहण्यासारखी आहे. अकराव्या अनुसूचीने पंचायतींच्या विषयांत प्राथमिक आणि माध्यमिक शाळांसह शिक्षणाचा स्पष्ट समावेश केला. नगरपालिकांच्या बाराव्या अनुसूचीत मात्र 'सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक बाबींचे संवर्धन' एवढीच मोघम ओळ आहे. म्हणजे दुर्ग जिल्ह्यातील खेड्याच्या पंचायतीचा शाळेवर निदान कागदोपत्री दावा आहे. लाखो कष्टकऱ्यांच्या भिलाई शहराचा तेवढाही नाही.

धर्मगुरूंची खुर्ची

या रिकाम्या जागेत आता एक नवे सुचविणे डोके वर काढते. शिक्षणाचा कारभारी निवडताना समाजाचा सल्ला घ्यावा आणि समाज म्हणजे कोण, तर सर्व धर्मांचे प्रमुख आणि चार प्रतिष्ठित नागरिक! ही पद्धत आपल्या प्रशासनाच्या अंगवळणी पडलेली आहे. सणासुदीला पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक भरते तेव्हा पुजारी, मौलवी, पाद्री आणि ग्रंथी यांना रांगेने बसविले जाते आणि समाजाचे मत घेतले असे जाहीर होते. तोच साचा आता शाळेला लावावा, असे सद्हेतूनेही सांगितले जाते. नैतिक शिक्षणाची काळजी, सलोख्याची इच्छा, ही कारणे पुढे केली जातात.

आपला आक्षेप धर्मावर श्रद्धा ठेवणाऱ्या माणसावर नाही. मंदिरात, मशिदीत, चर्चमध्ये, गुरुद्वारात जाणारा कामगारच आपल्या संघटनेचा सभासद आहे. आक्षेप आहे तो पालकाचे मत धर्मगुरूच्या तोंडून वदवून घेण्यावर. धर्मगुरूला कोणी निवडले? त्याच्या निवडीत स्त्रियांचे मत किती होते? आपापल्या देवस्थानी स्वतःच्या रीतीने पूजा करणाऱ्या गोंड आणि हलबा मजुराच्या वतीने कोणता पीठाधीश बोलणार? आणि ज्याला कोणताच गुरू नको आहे त्याचे मूल काय बिनखुर्चीचे? भिलाईच्या रूळगिरणीत एकाच पाळीत घाम गाळणारे दोन कामगार शिक्षक नाही म्हणून एकत्र तक्रार करू शकतात. त्यांना दोन धर्मगुरूंच्या मागे उभे केले की त्या तक्रारीचे दोन तुकडे होतात, आणि शिक्षक नसलेला वर्ग तसाच राहतो.

या मुलखाने हे पूर्वी अनुभवले आहे. १९३७ नंतरच्या काँग्रेस मंत्रिमंडळात रविशंकर शुक्ल यांनी मध्यप्रांतात विद्यामंदिर योजना आणली. खेड्याने जमीन द्यावी आणि तिच्या उत्पन्नातून शिक्षकाचा पगार निघावा, अशी तिची कल्पना होती. गरीब खेड्याच्या माथी शाळेचा खर्च मारणे न्याय्य आहे काय, दान दिलेल्या जमिनीबरोबर जमीनदाराची सत्ताही शाळेत शिरणार नाही काय, हे खरे प्रश्न होते. चर्चा मात्र पेटली ती 'मंदिर' या शब्दावरून. मुस्लिम लीगने १९३८ च्या पिरपूर अहवालात त्याचे गाऱ्हाणे मांडले. सरकारने नावाचा हट्ट धरला. आणि शिक्षकाचा पगार दोन्ही बाजूंच्या गदारोळात हरवला.

केरळचा अनुभव तर आपल्या चळवळीच्या हाडीमांसी भिनलेला आहे. १९५७ साली शिक्षणमंत्री जोसेफ मुंडश्शेरी यांनी शिक्षण विधेयक मांडले. खाजगी अनुदानित शाळांतील शिक्षक लोकसेवा आयोगाने केलेल्या यादीतून घ्यावेत, पगार सरकारने थेट द्यावा, स्थानिक शिक्षण प्राधिकरणे असावीत, असा त्याचा आशय होता. त्याविरुद्ध कॅथलिक चर्चचे धर्माधिकारी आणि मन्नत पद्मनाभन यांची नायर सर्व्हिस सोसायटी एकत्र उभी राहिली. एरव्ही एका पंक्तीला न बसणारे शाळाचालक शिक्षक नेमण्याचा अधिकार वाचविण्यासाठी एका मंचावर आले! ३१ जुलै १९५९ रोजी केंद्राने निवडून आलेले सरकार बरखास्त केले. धर्म निराळे होते, मालमत्तेचे नाते एक होते, हे त्या लढ्याने उघड करून दाखविले.

असे असले तरी आज छत्तीसगडमध्ये हा विषय मांडताना कमालीची सावधगिरी बाळगली पाहिजे. २५ जुलै २०२५ रोजी दुर्ग रेल्वे स्थानकावर केरळच्या दोन जोगिणींना आणि एका आदिवासी तरुणाला मानवी तस्करी व धर्मांतराच्या आरोपाखाली अटक झाली. २ ऑगस्टला बिलासपूरच्या विशेष न्यायालयाने त्यांना जामीन दिला. अल्पसंख्याकांवर असा दबाव असताना धर्मगुरूंच्या शाळांवर केलेली आपली टीका जमातवाद्यांच्या भात्यातील बाण होता कामा नये. घटनेच्या ३० व्या कलमाने अल्पसंख्याकांना दिलेला शाळा चालविण्याचा हक्क आपण राखला पाहिजे. मात्र आपली शाळा चालविण्याचा हक्क वेगळा आणि साऱ्या जिल्ह्याच्या सार्वजनिक शाळांचा कारभारी निवडण्यात राखीव खुर्ची मागणे वेगळे. शिवाय बलाबल पाहता 'सर्वधर्मीय' म्हणून उघडलेल्या या दारातून प्रत्यक्षात आत कोण शिरेल? ज्यांच्या पाठीशी राज्यसत्ता आहे तेच. अल्पसंख्याक धर्मगुरू त्या बैठकीत शोभेपुरता बसेल. निर्णय बहुसंख्याकवादाचा होईल. अल्पसंख्य पालकाचे खरे संरक्षण धर्मनिरपेक्ष शाळेत आणि आपल्या मताच्या अधिकारात आहे.

अमेरिकेतील शिक्षण जिल्ह्यांचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते. तेथे बहुधा निवडून आलेले मंडळ जिल्ह्याचा प्रमुख नेमते. त्यातीलही सर्वात बोधप्रद प्रसंग पाहू. १९६७ साली न्यूयॉर्कच्या ओशन हिल-ब्राउन्सव्हिल या गरीब, मुख्यतः कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन वस्तीत पालकांनी मंडळ निवडले. रोडी मॅकॉय या कृष्णवर्णीय शिक्षकाकडे शाळांचा कारभार आला. मंडळाचे अध्यक्ष हर्बर्ट ऑलिव्हर हे पाद्री होते. पण ते अध्यक्ष झाले सदस्यांनी निवडले म्हणून. चर्चने पाठविले म्हणून नव्हे. पाद्री नागरिक म्हणून निवडून येऊ शकतो, याला आपली हरकत कधीच नव्हती. मग बिघडले कोठे? प्रयोगाला फोर्ड फाउंडेशनचा पैसा होता, शहराने मंडळाचे अधिकार कधी स्पष्ट केले नाहीत, आणि शिक्षकांच्या संघटनेला मंडळात विश्वासाने सामील करून घेतले गेले नाही. मे १९६८ मध्ये मंडळाने एकोणीस शिक्षक व पर्यवेक्षकांना हटविले. त्या पानझडीच्या काळात शिक्षकांच्या संपाने शहरातील सुमारे दहा लाख मुलांच्या शाळा कित्येक आठवडे बंद पाडल्या. वस्ती आणि कामगार संघटना समोरासमोर उभ्या ठाकल्या, आणि प्रयोग मोडून पडला. पालक आणि शिक्षक यांची एकजूट नसेल तर लोकसत्तेची शाळा उभी राहत नाही, हा त्याचा धडा.

स्वस्त शिक्षक म्हणजे लोकशाही नव्हे

आपल्याकडेही विकेंद्रीकरणाच्या नावाने फसवणूक झाली आहे. १९९०च्या दशकात अविभाजित मध्यप्रदेशात पंचायतींना शिक्षक नेमण्याचा अधिकार मिळाला, आणि त्या अधिकाराबरोबर 'शिक्षाकर्मी' नावाची तुटपुंज्या पगाराची जमात जन्माला आली. काम तेच, फळा तोच, मुले तीच. पगार मात्र निराळा. गावाला सत्ता दिली असे म्हणताना सरकारने आपली जबाबदारी गावावर ढकलली होती. छत्तीसगडमध्ये या शिक्षकांना शासकीय सेवेत सामावून घेण्यास १ जुलै २०१८ उजाडावा लागला, आणि तोही त्यांच्या वारंवारच्या संपांनंतर. निधीविना अधिकार म्हणजे नुसते ओझे होय.

१८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन करताना जोतीराव फुले यांनी हा धोका ओळखला होता. रयतेच्या करातून जमणारा पैसा वरच्या वर्गाच्या शिक्षणावर उधळला जातो, असे त्यांनी ठणकावले. मोठ्या शहरांतील नगरपालिकांनी प्राथमिक शाळांचा खर्च उचलावा, पण कारभार सर्वस्वी त्यांच्या हाती सोपवू नये, असेही बजावले. स्थानिक संस्था कोणाच्या ताब्यात आहेत, हे त्यांना ठाऊक होते. 'स्थानिक' म्हणजे आपोआप 'लोकांचे' नव्हे. ठेकेदार, सावकार आणि जातीचा पुढारी हेही स्थानिकच असतात.

म्हणूनच पालकांची निवड म्हणजे पात्रतेला फाटा, अशी जी भीती घातली जाते तिला उत्तर दिले पाहिजे. शिक्षणाधिकाऱ्याला अध्यापनाचा अनुभव, कायद्याचे ज्ञान, हिशेबाची समज हवीच. ती पारखण्याचे काम लोकसेवा आयोगाने करावे. पण पात्र ठरलेल्या चौघांतून आपल्या जिल्ह्यासाठी कोण, हा निर्णय मंत्र्याच्या बंगल्यावर का व्हावा? तेथे होणाऱ्या निवडीत राजकारण नसते, असे म्हणण्याचे धाडस खुद्द मंत्रीही करणार नाही.

मागण्या

या विवेचनातून काही ठोस मागण्या निघतात. भिलाईच्या साथींनी त्या कारखान्याच्या दारापासून वस्तीपर्यंत चर्चेला घ्याव्यात.

पहिली: प्रत्येक जिल्ह्यात निवडून आलेले शिक्षण मंडळ असावे. त्यात शाळा व्यवस्थापन समित्यांनी गुप्त मतदानाने निवडलेले पालक बहुमतात असावेत. शिक्षक संघटनांचे, पंचायत व नगरपालिकांचे प्रतिनिधी असावेत. धर्माच्या नावाने एकही जागा नसावी. दलित, आदिवासी आणि स्त्रियांसाठी मात्र जागा निश्चित असाव्यात.

दुसरी: लोकसेवा आयोगाच्या यादीतील उमेदवारांनी खुल्या सभेत प्रश्नांची उत्तरे द्यावीत आणि मंडळाने त्यांतून निवड करावी. निवडलेल्याला ठराविक मुदत मिळावी. मध्येच बदलीचा हुकूम काढता येऊ नये. दरवर्षी त्याने मंडळापुढे हिशेब द्यावा.

तिसरी: पोलाद कारखान्याच्या शिक्षण विभागासाठीही कायम आणि कंत्राटी अशा दोन्ही कामगारांच्या पालक प्रतिनिधींचे मंडळ असावे. त्याच्या संमतीविना एकही शाळा बंद करता येऊ नये किंवा खाजगी संस्थेला देता येऊ नये.

चौथी: समितीच्या बैठकीला जाणाऱ्या मजुराची हजेरी कापली जाऊ नये. रोजंदारीवर पोट असलेली बाई दुपारी दोनच्या सभेला येत नाही म्हणून तिला शिक्षणाविषयी अनास्था आहे असे म्हणणे, हा निव्वळ कांगावा आहे.

या मागण्या अर्ज करून मिळणार नाहीत, हे सांगायला नको. पण त्यांची सुरुवात आजच करता येण्यासारखी आहे. शाळा व्यवस्थापन समित्या कायद्याने अस्तित्वात आहेत. त्यांतील किती समित्यांची निवड खरोखर पालकसभेत होते आणि किती मुख्याध्यापकाच्या टेबलावर भरल्या जातात, हे प्रत्येक शाखेने आपापल्या वस्तीत पाहावे. रिकाम्या जागांवर कंत्राटी कामगारांच्या, विशेषतः स्त्रियांच्या नावांचा आग्रह धरावा. शिक्षक संघटनांशी बोलणे आधी करावे, भांडण झाल्यावर नव्हे. झोतभट्टी चालविणाऱ्या माणसाला आपल्या मुलाच्या शाळेचा कारभारी पारखता येणार नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी निदान ते उघडपणे म्हणावे. मग त्यांना उत्तर द्यायला भिलाई समर्थ आहे.